खोड नसलेला वड

हुगळी ओलांडून शिवपूरच्या वनस्पती-उद्यानात मी शिरलो तो आश्विनातला दमट दिवस होता, आणि तिथला विख्यात वड पाहण्याच्या ओढीने चाललेले माझे पाऊल वाटेतल्या एका जुन्या गुलमोहरापाशी थबकले. कारण त्याच्या बुंध्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ताटलीएवढी कठीण अळिंबी चिकटलेली होती आणि तिच्या पाठीवर, तपकिरीची डबी उलटावी तशी, तांबूस भुकटी साचली होती.

ती भुकटी म्हणजे गॅनोडर्मा या कवकाचे बीजाणू. अळिंबीचे पांढरे पोट नखाने ओरखडताच तपकिरी रेघ उमटली. भिंगातून तिथे असंख्य सूक्ष्म छिद्रे दिसली, आणि प्रत्येक छिद्र हे बीजाणू गाळणाऱ्या एकेका नळीचे तोंड. असल्या बहुछिद्री कवकांच्या अभ्यासात कारमायकेल मेडिकल कॉलेजातील सहायराम बोस यांनी हयात वेचली. शेजारच्या माळीदादांनी कोयत्याच्या मुठीने बुंधा आधी वर आणि मग अळिंबीलगत ठोकला, दुसरा आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाले, “फाँपा.” पोकळ! शेंड्याची पालवी मात्र हिरवीगार.

हा खरा गनिमी कावा. वृक्षाचा जीव सालीलगतच्या थरांत असतो, गाभा बहुतांशी मृत पेशींचा. फांदी मोडून झालेल्या जखमेत बीजाणू रुजला की त्याचे तंतू विकरे पाझरवून सेल्युलोज आणि, जे पचवण्याची विद्या फार थोड्या सजीवांना साधली आहे ते, लिग्निन विरघळवीत वर्षानुवर्षे आत सरकतात, आणि बाहेर अळिंबी उगवते तेव्हा आतला मुलूख बहुधा केव्हाच गेलेला असतो.

वडाच्या बाबतीत हेच घडले. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी त्याच्या मोठ्या फांद्या मोडल्या, उघड्या पडलेल्या लाकडात कवक शिरले, आणि सुमारे ५१ फूट घेराचे मूळ खोड कुजत कुजत अखेर १९२५ साली काढून टाकावे लागले. वटपौर्णिमेला आमच्याकडची एखादी सुवासिनी इथे आलीच, तर सूत नेमके कशाभोवती गुंडाळावे या विचारात पडेल! कारण आज उभी आहेत ती तीन हजारांहून अधिक पारंब्यांची खोडे. मातीला टेकलेली प्रत्येक पारंबी स्वतःचे पाणी स्वतः ओढते, म्हणून मूळ गादी गेली तरी जहागिरी शाबूत राहिली.

माळीदादांसोबत वडाभोवतीच्या कुंपणाशी उभा असताना बाहीवर तीच तांबूस भुकटी दिसली आणि मी दचकून मागे सरलो. माळीदादा हसले. “बाताशे तो आछेई,” म्हणाले. हवेत तर आहेच. मग जवळच्या एका मोडक्या फांदीकडे बोट दाखवून त्यांनी, तिचा लोंबणारा चिंधडलेला भाग नीट कापून साफ करायचा आहे, असे सांगितले आणि कोयत्याची धार अंगठ्याने चाचपत ते शिडी आणायला गेले.