दोन खेपांत पोहोचलेलं जनुक

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये क्रिस्टीन पेती यांच्या चमूला १९९९ साली एक जनुक सापडलं. ते बिघडलं की मूल जन्मतः बहिरं. गंमत म्हणजे अशा मुलांचा कान तसा धडधाकट असतो. पडदा, हाडं, केसपेशी, मेंदूकडे जाणारी नस, सगळं जागच्या जागी. आवाज केसपेशीपर्यंत येतो आणि तिथेच अडतो. तो निरोप नसेच्या हाती देणारं ओटोफर्लिन हे प्रथिनच नसतं.

दुखणं कळलं, पण चांगलं जनुक आत न्यायचं कसं? ते वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात आणि ओटोफर्लिनचा मजकूर सुमारे ६,००० अक्षरांचा. अखेर तो मधोमध तोडून दोन विषाणूंत भरला, पेशीत गेल्यावर तुकडे जुळतील या भरवशावर. २०१९ मध्ये उंदरांत ते जुळले. जिन्यातून जात नाही म्हणून कपाट सुटं करून वर नेतात, तशीच युक्ती; पण साधायला वीस वर्षं लागली.

पुढचं भराभर घडलं. डिसेंबर २०२२ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात यिलाई शू यांच्या चमूने पहिल्या मुलाच्या कानात हे औषध सोडलं. जानेवारी २०२४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये नोंद आली: सहापैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. त्याच महिन्यात फिलाडेल्फियातून अकरा वर्षांच्या एका मुलाची बातमी आली. त्यालाही आवाज ऐकू आले. पण भाषा उचलण्याचं वय सरलेलं, तो बोलेल असं कुणी सांगू शकेना. या सगळ्यात मला हेच सर्वांत बोचतं. २०२५ मध्ये चीनमधल्या दहा जणांचा अहवाल आला: आधी सरासरी १०६ डेसिबलखालचं काही ऐकू येत नव्हतं, ती मर्यादा ५२ वर आली.

हुरळून जाऊ नये. जन्मजात बहिरेपणात या दोषाचा वाटा शेकडा आठच्या वर सहसा जात नाही. भारतात अधिक आढळणाऱ्या जीजेबी-२ जनुकाच्या दोषावर हे औषध चालत नाही. तिथे कॉक्लिअर इम्प्लांटच.

आणखी एक पेच आहे. नवजात बाळाची ओएई चाचणी बाहेरच्या केसपेशी तपासते. या मुलांच्या त्या पेशी सुरुवातीला ठणठणीत असतात, म्हणून चाचणी ‘पास’ होते आणि घरचे निर्धास्त होतात. तेव्हा कागदावर काहीही लिहिलेलं असो, ताट पडल्यावरही बाळ दचकत नसेल तर नस आवाजाचा निरोप मेंदूकडे नेते का हे पाहणाऱ्या बेरा चाचणीचा डॉक्टरांकडे आग्रह धरा.