बालाघाटचा दगड, जस्ताची बॅटरी

टॉर्चचा संपलेला सेल फोडून मुलांनी हात काळे केले नाहीत, असे घर विरळाच. ती काळी पूड मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची. बाहेरचे कवच जस्ताचे. कन्नडमध्ये त्यालाच सतु म्हणतात.

मँगनीजसाठी मध्य प्रदेशातला बालाघाट प्रसिद्ध आहे. गोंदियाला लागून असलेला हा जिल्हाही आपल्यासारखाच सीमेवरचा. तिथली भरवेलीची भूमिगत खाण नागपूरच्या 'मॉयल' या सरकारी कंपनीची. याच कंपनीच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्गच्या कारखान्यात सेलसाठी शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनतो.

हीच जोडी आता पुन्हा चार्ज होणाऱ्या झिंक-आयन बॅटरीत येऊ पाहते आहे. आतले द्रावण पाण्याचे, त्यामुळे लिथियमसारखी पेट घेण्याची धास्ती नाही. घरच्या इन्व्हर्टरला आणखी काय हवे?

पण घोडे अडते ते इलेक्ट्रोडपाशी. चार्ज होताना जस्त सपाट न बसता सुयांसारखे वाढते. सुई पलीकडे टेकली की शॉर्टसर्किट. दुसरीकडे मँगनीज हळूहळू द्रावणात विरघळते. २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी द्रावणात आधीच मँगनीज सल्फेट मिसळून ही झीज आटोक्यात आणली. ५,००० वेळा चार्ज करूनही ९२ टक्के क्षमता टिकली. जस्तावर पातळ लेप देण्याचेही प्रयोग चालू आहेत.

मँगनीज बालाघाटात, जस्त राजस्थानात. इलेक्ट्रोड घडवण्याची विद्याही आपल्या मुलांनी हस्तगत करावी. नाहीतर दगड आपला आणि बॅटरी परक्याची, असे व्हायचे!