पावसाळा परतला की मागचे भय का परतते?
मनःस्वास्थ्य लेखमाला : लेखांक पाचवा

महापूर, दरड किंवा भूकंप यांसारख्या आघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणसाची निद्रा, भूक आणि विचारशक्ती यांची कशी वाताहत होते, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. आज त्यापुढचा प्रश्न घ्यावयाचा आहे. घर पुन्हा उभे राहिले, पंचनामे झाले, नुकसानभरपाईची रक्कम कमीअधिक प्रमाणात हाती आली, तलाठ्याच्या दप्तरातील ते प्रकरण निकालात निघाले, आणि तरीही एखाद्या आवाजाने, एखाद्या वासाने किंवा एखाद्या वार्तेने त्या दिवसाचे सारे भय जसेच्या तसे का उसळावे, आणि ते उसळले असता माणसाने काय करावे?

या प्रश्नाचा दाखला शोधण्यास राधानगरीकरांना दूर जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून भोगावती नदीवर जे धरण आकारास आले, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्या भारानेच ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. उघडलेल्या प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक पाणी नदीपात्रात उतरते. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही वार्ता घटकाभरात पंचगंगेच्या काठच्या गावांपर्यंत पोहोचते. वर्षाच्या पाण्याची तरतूद झाली, म्हणून शेतकऱ्याला ती एरवी शुभवार्ताच वाटावयाची. परंतु ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 55 फुटांची मर्यादा ओलांडली, तेव्हा ज्यांनी माळ्यावर बसून रात्र काढली, दावणीची जनावरे सोडून दिली, अंगावरच्या वस्त्रांनिशी नावेत पाय ठेवला, त्यांच्या कानांवर तेच तीन शब्द पडताच काळजात धस्स होते, घशाला कोरड पडते, आणि बुद्धीने काही ठरविण्याच्या आतच हात कागदपत्रांचे गाठोडे बांधू लागतात. 2021 च्या डिसेंबरअखेरीस, पुराचे दिवस नसताना, दुरुस्तीच्या कामात धरणाचा एक दरवाजा अकस्मात उघडा राहिला, तेव्हा ऐन थंडीत नदीकाठच्या गावांत जी घबराट पसरली, तिच्यात त्या दिवसाच्या पाण्याइतकाच मागील दोन पुरांचाही वाटा असला पाहिजे.

हा भित्रेपणा नव्हे. मेंदूच्या अंतर्भागात अमिग्डला नावाचे बदामाच्या आकाराचे एक केंद्र आहे, आणि प्राणावर बेतणाऱ्या प्रसंगाची खूण जपून ठेवणे हे त्याचे कार्य आहे. आघाताच्या क्षणी आसपास जे जे असते, म्हणजे पत्र्यावरचा पाऊस, गाळाचा कुबट वास, रात्रीची ती विशिष्ट वेळ, दूरवरून येणारी हाक, ते सर्व हे केंद्र धोक्याशी जोडून टाकते; परंतु त्या प्रसंगाला काळाची आणि स्थळाची चौकट देणारे हिप्पोकॅम्पस नावाचे दुसरे केंद्र अतिभयाच्या प्रसंगी आपले काम नीट पार पाडू शकत नाही. परिणामी ती स्मृती जणू तारखेवाचून दप्तरी दाखल होते, आणि पुढे खूण दिसताच ‘हे तेव्हा घडले होते’ असे न वाटता ‘हे आता घडत आहे’ असे वाटते. राधानगरीच्या दरवाजांप्रमाणेच शरीराची ही यंत्रणाही कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाही. भेद इतकाच, की धरणाचा स्वयंचलित दरवाजा प्रत्यक्ष पातळी गाठल्याखेरीज उघडत नाही, आणि मनाचा दरवाजा पातळीच्या नुसत्या आठवणीनेही उघडतो.

असे केवळ पुरातच होते असे नाही. दाजीपूरच्या अभयारण्यालगतच्या शिवारात ज्याला गव्याने धडक दिली, त्याला पुढे उसात नुसते पान सळसळले तरी कापरे भरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कित्येक कुटुंबे दीर्घकाळ दगडी भिंतींच्या घरात निजावयास धजत नव्हती. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांत हीच लक्षणे दिसली, तेव्हा पुष्कळांनी त्यांना भेकड ठरविले. त्या व्यथेला आघातोत्तर तणाव-विकृती म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात अधिकृत स्थान मिळावयास 1980 साल उजाडावे लागले. एवढ्या विलंबाने शास्त्राने जे मान्य केले, ते आपल्या घरातील माणसाच्या बाबतीत आपण तरी विनाविलंब मान्य करावे.

अशा वेळी मनुष्याची पहिली प्रवृत्ती खूण टाळण्याकडे असते. तो नदीकडची वाट सोडतो, बातम्या बंद करतो, पावसाळा आला की नातलगांकडे मुक्काम हलवितो. त्या त्या क्षणी यामुळे आराम पडतो, यात संशय नाही. परंतु टाळलेली खूण निरुपद्रवी ठरण्याची संधी मनाला कधीच मिळत नाही, म्हणून भय कमी न होता त्याचा अंमल वाढत जातो. आज नदी टाळली, उद्या पूल, परवा ओढा. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखविले, की खूण वारंवार समोर येऊनही तिच्यामागून अपेक्षित घटना घडली नाही, तर तिला मिळणारा प्रतिसाद क्षीण होत जातो. परंतु मध्ये काही काळ गेल्यावर तीच खूण पुन्हा आली, तर मावळलेला प्रतिसाद काही अंशी परत डोके वर काढतो. उन्हाळाभर स्वस्थ असलेला मनुष्य जूनमध्ये पुन्हा अस्वस्थ झाला, तर सारे प्रयत्न वाया गेले असे त्याने समजू नये. जुना धडा पुसला जात नसतो, त्याच्यावर नवा धडा गिरवावा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागतो.

नदीकाठच्या माणसाची अडचण मात्र याहून बिकट आहे, आणि उपदेश करणाऱ्यांना तिचा हटकून विसर पडतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला ‘हा फटाका आहे, तोफ नव्हे’ असे सांगता येते. पूरग्रस्ताला ‘पाणी येणार नाही’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याची खूण ही खराखुरा इशाराही असू शकते. म्हणून येथे भयाचा निःपात करणे हे ध्येय असू शकत नाही. भयाला माप लावणे हे ध्येय होय. दरवाजे उघडल्याचे कळताच स्वतःला विचारावे : किती उघडले? एक उघडला तर 1428 क्युसेक, सातही उघडले तर सुमारे 10,000. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे? तेथे 39 फूट ही इशारा-पातळी आणि 43 फूट ही धोका-पातळी मानली जाते. कुंभी, कासारी आणि तुळशी या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस किती आहे? 2019 साली आपल्या उंबऱ्याला पाणी लागले, तेव्हा बंधाऱ्याजवळची पातळी किती होती, हे प्रत्येक कुटुंबाने भिंतीवर लिहून ठेवावे आणि त्याच्या दोनतीन फूट आधीचा आकडा हा आपल्या घराचा निघण्याचा आकडा ठरवावा. प्रशासनाचा हुकूम त्याआधी आला, तर अर्थातच तो मानावा. जनावरे कोणाच्या गोठ्यात न्यावयाची, सातबारा, शिधापत्रिका आणि औषधे कोणत्या पिशवीत ठेवावयाची, म्हातारीला कोण उचलणार, हे सर्व मे महिन्यातच ठरलेले असावे. मनात मोघम असलेले संकट अमर्याद असते. फूट-इंचांत उतरलेल्या संकटाला आरंभ असतो, अंत असतो, आणि मधल्या प्रत्येक पायरीवर करण्यासारखे काहीतरी काम असते.

तरीही झटका येईलच. तो आला असता दोन्ही पावले जमिनीवर घट्ट टेकवावीत, श्वास घेण्यास लागतो त्याहून अधिक वेळ तो सोडण्यास द्यावा, आणि आजचा वार, तारीख व साल मोठ्याने उच्चारावे. ज्या स्मृतीला तारीख नाही, तिला अशा रीतीने तारीख मिळते. मग समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, कानांवर येणारे आवाज ओळखावेत, थंड पाण्याने तोंड धुवावे. लाट ओसरल्यावर एका वहीत लिहावे, की ती कशाने आली, केव्हा आली आणि किती वेळ टिकली. वही भरत जाते तसतशा आपल्या खुणा आपल्याला कळू लागतात, आणि मग त्यांतील सर्वांत सौम्य खुणेपासून, विश्वासातील सोबत्याला घेऊन, ओसरत्या उन्हात नदीकाठी दहा मिनिटे उभे राहण्यासारखा क्रमशः सराव आरंभिता येतो. झोप यावी म्हणून मद्याचा आश्रय मात्र घेऊ नये. त्याने निद्रा खंडित होते आणि स्वप्ने अधिकच छळतात.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ‘अजून तेच काय घेऊन बसलास?’ असे म्हणू नये, आणि सांगण्याची इच्छा नसताना ‘सांग, सांग, मन मोकळे कर’ असा आग्रहही धरू नये. आघातग्रस्ताकडून सारी हकिकत सक्तीने वदवून घेण्याने लाभ होत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तसे करण्याची शिफारस करीत नाही. वार्ताहरांनीही हे ध्यानात ठेवावे. मुले हे भय शब्दांत न सांगता अंथरूण ओले करून, शाळेस नकार देऊन किंवा आईचा पदर न सोडून सांगतात. त्यांना रागे भरू नये.

झोपेचा नाश, खुणा टाळण्याचा अट्टहास, दचकणे, भावशून्यता ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि कामधंद्याच्या आड येऊ लागली, तर तज्ज्ञाकडे जावे. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नये. भयाच्या स्मृतीला सुरक्षित वातावरणात टप्प्याटप्प्याने सामोरे नेणाऱ्या मानसोपचारपद्धती आज उपलब्ध आहेत, आणि त्यांनी पुष्कळांना गुण येतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी, अथवा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची वाट धरावी. तेही शक्य नसेल, तर टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही निःशुल्क बोलता येते. वाहून गेलेल्या भिंतीची नोंद करून घेण्यास आपण कचेरीत खेटे घालतो, कारण तो आपला हक्क आहे असे आपण मानतो. मनाच्या पडझडीवर उपचार मिळणे हाही 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला दिलेला हक्कच आहे, आणि तो मागताना कोणीही मान खाली घालण्याचे कारण नाही.

पुढील लेखांकी : पूरग्रस्त गावातील शाळा आणि शिक्षक मुलांसाठी काय करू शकतात.