जोडे झिजवण्याची गोष्ट

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरातला दरवर्षीचा समरप्रसंग. माळा, स्वयंपाकघर, पुस्तकांचं कपाट अशा एकेक लढाया जिंकत मी गेल्या दिवाळीत दारामागच्या चपलांच्या कपाटापाशी पोचले आणि तिथे मात्र हरले. घरात माणसं चार, म्हणजे पाय आठ. आणि कपाटातून निघाले तब्बल ३१ जोड! त्यातले ११ कुणीच घालत नव्हतं. कुणाचा तळ सुटलेला, कुणाच्या पट्ट्याचे पापुद्रे निघालेले, कुणी एका लग्नापुरते साडीला जुळणारे म्हणून आलेले, तर कुणी केवळ 'दोनावर एक फुकट' म्हणून घरात शिरलेले.

आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, माझ्या बाबांचा कोल्हापुरी जोड.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. हा जोड त्यांनी माझ्या लग्नात, १९९१ साली घेतला होता. दोनदा तळ बदलला, अंगठा किती वेळा शिवून आणला याची तर गणतीच नाही. पावसाळा आला की ते चपलांना तेलाचा हात द्यायचे, सावलीत वाळवायचे आणि कागदात गुंडाळून ठेवून द्यायचे. मी सहज म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तर ते वाळून कडक झालेलं कातडं हळूहळू तेल पीत मऊ व्हायला लागलं. शेजारीच माझ्या मुलीचा जेमतेम दोन वर्षांचा जोड पडला होता. त्याला बोट लावलं, तर काळा पापुद्रा बोटालाच चिकटून आला.

आपल्या भाषेत 'जोडे झिजवणे' असा एक वाक्प्रचार आहे. मुलीला स्थळ पाहताना बाप जोडे झिजवायचा, पेन्शनीसाठी कचेरीत जोडे झिजवावे लागायचे. आता जोडे झिजतच नाहीत. झिजण्याआधीच तुटतात, नाहीतर तुटण्याआधीच नकोसे होतात. जगात दरवर्षी दोन हजार कोटींहून अधिक जोड तयार होतात, आणि जगाची वस्ती आहे आठशे कोटींच्या घरात. लहान मूल, म्हातारं माणूस, अनवाणी चालणारा गरीब असे सगळे धरूनही माणशी वर्षाला अडीच जोड! मग माझ्या कपाटात ३१ निघाले, यात नवल ते काय?

बाबांच्या चपलांनी मात्र मला स्वस्थ बसू दिलं नाही. जानेवारीत एका लग्नासाठी कोल्हापूरला जाणं झालं. अंबाबाईचं दर्शन घेतलं आणि पाय आपोआप चप्पल लाईनकडे वळले. एका दुकानात मी एक जोड उचलला, किंमत विचारली आणि सवयीनं निम्म्यावर आले. दुकानातले आजोबा काही बोलले नाहीत. घासाघीस करून मी दीडशे रुपये कमी करून घेतले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग बोलता बोलता बाबांच्या जोडाचा विषय निघाला, तसे आजोबा खुलले. ''ताई, येळ असला तर घरी चला. काम बघा,'' म्हणाले.

घर म्हणजे दीड खोली आणि पुढे ओसरी. ओसरीत त्यांच्या सूनबाई वेणी गुंफत होत्या. केसाची वेणी घालावी तशी चामड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी. आजोबांनी समजावून सांगितलं. तळाला जाड म्हशीचं कातडं, थरावर थर. दोन्ही बाजूंना कान, वर पट्टा, पुढे अंगठा. खरा जोड खिळ्यानं जोडत नाहीत. चामड्याच्याच वादीनं शिवतात. आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, ओढायची. पुन्हा भोक, पुन्हा वादी. त्या बाईंच्या बोटांना घट्टे पडले होते. एकेक जोड किती हातांतून जातो, हे मी मोजू लागले. कातडं कमावणारा एक, कापणारा दुसरा, वेणी घालणारी तिसरी, शिवणारा चौथा. आणि मी दीडशे रुपये कमी करून आले होते!

कातडं कमावणं ही तर वेगळीच तपश्चर्या. कच्चं कातडं धुऊन चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, म्हणजे केस सुटतात. मग खरवडून, धुऊन, ते बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ठेवायचं. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून टांगतात आणि तिच्यात हा काढा ओततात. तो हळूहळू झिरपतो, कातड्याला रंग आणि टिकाऊपणा देतो. याला काही आठवडे लागतात. पूर्वी हे काम ढोर समाजाकडे आणि चपला करणं चर्मकार समाजाकडे. शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिलं, ही गोष्ट कोल्हापुरात आजही अभिमानानं सांगतात. पण ज्यांनी गावाच्या पायाखालचे काटे दूर ठेवले, त्यांना गावानं मात्र वेशीपाशीच ठेवलं, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण किती सहज वापरतो! ती वहाण करणाऱ्याला ऐकताना काय वाटत असेल?

आज जगातलं बहुतेक चामडं झाडपाल्यानं नाही, तर क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. आठवड्यांचं काम दिवसा-दोन दिवसांत होतं, चामडं मऊ आणि एकसारखं निघतं. ते सगळंच विषारी असतं असं मुळीच नाही. पण काम नीट झालं नाही, तर त्यात क्रोमियमचं एक घातक रूप तयार होऊ शकतं. म्हणून युरोपात २०१५ पासून चामडी वस्तूंत त्याचं प्रमाण किलोमागे तीन मिलिग्रॅमच्या आत असावं असा नियम आहे. कारखान्यांचं सांडपाणी हे तर आपल्या घरचंच दुखणं. तमिळनाडूतल्या वेल्लोर भागात कातडी कमावणाऱ्या कारखान्यांनी पाणी आणि जमीन नासवली, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं 'जो प्रदूषण करील त्यानं भरपाई द्यावी' हे तत्त्व त्याच खटल्यात ठामपणे मांडलं.

मग झाडपाल्याचं चामडं अगदी सोवळं का? तसंही नाही. चुन्याचं नि सालीचं पाणी ओढ्यात सोडलं, तर तेही ओढा नासवतंच. आणि जनावराचं कातडं वापरावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. ज्यांना ते नको, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण 'प्राण्यांना इजा नाही' म्हणून दुकानात जे चकाकतं, ते पुष्कळदा प्लॅस्टिकच असतं. माझ्या बोटाला चिकटला तो पापुद्रा त्यातलाच. तो कचऱ्यात जातो आणि मातीत मिसळत नाही. घ्यायचंच तर जे काही घ्याल ते टिकवा, एवढंच मला समजलं.

कोल्हापुरीचं कौतुक तसं कमी झालेलं नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या बड्या कंपनीच्या प्रदर्शनात अगदी तशाच चपला झळकल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. ओरड झाली. मग ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं कंपनीनं मान्य केलं, तिची माणसं कोल्हापुरात येऊन गेली आणि डिसेंबरात महाराष्ट्र नि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला.

मी आजोबांना हे विचारलं, तर ते हसले. ''बरं झालं की, नाव निघालं. पर माझा नातू आता मोटारीच्या शोरूममधी हाय. त्याला ह्ये काम नगं.'' का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. समोर सूनबाईंची बोटं होतीच.

मला आमच्या कोपऱ्यावरचा चर्मकार आठवला. पिंपळाखाली छत्री लावून बसायचा. टाका घालायचा, टाच बसवायचा, बॅगेची चेन दुरुस्त करायचा. हल्ली तो शेजारच्या सोसायटीत रखवालदार आहे. ''बाई, लोक दुरुस्तीला काही आणतच नाहीत,'' असं तो मला एकदा म्हणाला होता. त्याच्याकडे जायचं बंद करणाऱ्यांत मीही होते, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, इतकंच.

तेव्हापासून मी घरात काही नियम घातलेत. उपदेश म्हणून नव्हे, माझ्यासारख्या उधळ्या बाईला आठवण राहावी म्हणून सांगते. नवा जोड घेण्याआधी घरातले मोजायचे. दुकानात पहिला प्रश्न 'कितीला' हा नाही, तर 'याचा तळ बदलून मिळेल का' हा विचारायचा. कोल्हापुरी घेताना उलटी करून पाहायची, खिळा आहे की वादीचा टाका. फार चकचकीत रंग असेल तर सावध राहायचं, कारण झाडपाल्याचं कातडं वापरून वापरून आपणच गडद होत जातं. चिखलपाण्यात ती वापरायची नाही, भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवायची. आणि किमतीला वर्षांनी भागायचं. पाचशेची चप्पल सहा महिने टिकली, तर ती हजार रुपये वर्षाला पडली. दोन हजारांची दहा वर्षं चालली, तर वर्षाला दोनशे. हे गणित चौथीतल्या मुलालाही येतं. मला ते पन्नाशी उलटल्यावर आलं.

निघताना मी ते दीडशे रुपये आजोबांपुढे धरले. त्यांनी हात जोडले. ''न्हाई ताई. ठरलं ते ठरलं.'' मग मी मुलीसाठी आणखी एक जोड सांगितला आणि सांगतील ती किंमत दिली. तरी त्या पहिल्या दीडशेची बोच काही जात नाही.

आजोबांनी कागदावर माझं पाऊल ठेवून पेन्सिलीनं माप काढून घेतलं, मुलीचं माप मी मागाहून पाठवलं. महिन्याभरानं दोन्ही जोड पार्सलनं घरी आले. मुलीनं तिचा घालून पाहिला आणि अंगठ्यापाशी लाल झालेलं पाऊल मला दाखवलं. मी आजोबांना फोन केला.

''चावतंय व्हय?'' ते म्हणाले. ''त्येल लावा. चार दिस कळ काढा. मग इसरून जाशीला की पायात काय हाय.''

आज तिसरा दिवस आहे. आम्ही दोघी लंगडतो आहोत. बाबांचा जोड तेल पिऊन कपाटात बसला आहे, आणि माझा नवरा दोघींकडे पाहून हसतो आहे. हसू दे. त्याच्या पायाचं मापही मी काढून घेतलं आहे.