सावलीचा तास

दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, असं शाळेत गेलेला कुणीही छातीठोकपणे सांगतो. महाराष्ट्रात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून फक्त दोनदा, आणि तेव्हाही घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. धडा वाचून हे कळलं तरी पटत नाही. मैदानात काठी रोवली की पटतं. अनेक वर्षं शाळाशाळांतून मी या काठीच्या नादी मुलांना लावत आले आहे, आणि वर्गाबाहेरचं शिक्षण व पडद्यावरचं शिक्षण एकमेकांच्या हातात हात घालून कसं चालतं, हे मला तिथंच उमगलं.

दोन्ही वाटा जुन्याच. रवींद्रनाथांनी 1901 साली शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले, 1937 च्या वर्धा परिषदेतून नई तालीम पुढे आली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. दुसरीकडे 1975-76 मध्ये ‘साइट’ प्रयोगानं उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी नेली. पुढे पुण्यात बालचित्रवाणी आली, आणि आता पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की धड्याची चित्रफीत दिसते. एवढी पार्श्वभूमी पुरे. काठीकडे वळू.

एक मीटरची सरळ काठी घ्यावी. गवंड्याचा ओळंबा लावून ती उभी आहे ना, हे पाहावं. तिच्याभोवती एक वर्तुळ आखावं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाच्या आत शिरतं, दुपारनंतर बाहेर पडतं. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. शुल्बसूत्रांच्या काळापासून आपल्याकडे दिशा अशाच ठरवल्या जात. ती काठी म्हणजे शंकू. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, शंकू खरी उत्तर दाखवतो. मधल्या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत जायचं. सर्वांत आखूड सावली पडते तो त्या गावाचा खरा मध्यान्ह.

आता पडद्याचं काम सुरू होतं. 21 मार्चच्या सुमारास, आकाश निरभ्र असतं आणि शाळाही चालू असतात, तेव्हा नागपूर आणि कोल्हापूरच्या दोन शाळांनी व्हिडिओ कॉलवर जोडून घ्यावं. विषुवदिनी मध्यान्हीच्या सूर्याचा डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन हाच त्या गावाचा अक्षांश असतो. नागपुरात मीटरच्या काठीची सावली सुमारे 39 सेंटिमीटर भरते, कोल्हापुरात 30. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनी कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापक लावावा: एकीकडे सुमारे 21.2 अंश, दुसरीकडे 16.7. फरक साडेचार अंशांचा. मग गूगल अर्थवर दोन्ही गावांच्या अक्षांशांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर मोजायचं. ते येतं सुमारे 495 किलोमीटर. 360 अंशांत साडेचार अंश ऐंशी वेळा मावतात, म्हणजे पृथ्वीचा घेर 39,600 किलोमीटर. खरा आकडा 40,000 च्या जवळ आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसनं अलेक्झांड्रिया आणि सायीन या शहरांतल्या सूर्याच्या कोनांवरून हाच हिशेब केला होता. सातवीतल्या मुलांनी पृथ्वी मोजली, हे मी जिथं जिथं सांगते तिथं तिथं माझा आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा!

याच कॉलवर आणखी एक मौज हाती लागते. नागपूरचा मध्यान्ह साधारण 12 वाजून 21 मिनिटांनी होतो, कोल्हापूरचा 12 वाजून 40 मिनिटांनी. मुलं बुचकळ्यात पडतात. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, हे पाठ केलेलं वाक्य तेव्हा कुठं जिवंत होतं.

माणदेशातल्या एका शाळेत एका मुलीनं विचारलं, “बाई, थंडीत सावली लांब पडते, मग तेव्हा सूर्य पण लांब जातो का?” प्रश्न फार मोलाचा. उत्तर असं, की जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैत 15.2 कोटींवर. ऋतू होतात ते अक्ष कललेला असल्यामुळं. पण कित्येक चित्रफितींत पृथ्वीची कक्षा इतकी लांबुळकी काढलेली असते, की मुलांचा गैरसमज पक्का होतो. म्हणून माझा आग्रह आहे: आधी मैदान, मग पडदा. सावलीनं प्रश्न निर्माण करावा आणि स्टेलॅरियमसारख्या मोफत सॉफ्टवेअरनं अख्खं वर्ष पाच मिनिटांत फिरवून त्याचा माग काढावा. उलट क्रमानं केलं तर पडदा उत्तर देऊन मोकळा होतो आणि प्रश्न कुणालाच पडत नाही.

थोडं विषयांतर करते. उज्जैनची वेधशाळा प्रत्येक शिक्षकानं एकदा तरी पाहावी. सवाई जयसिंहानं बांधलेल्या या वास्तूची दुरुस्ती शिंदे सरकारनं 1923 मध्ये केली, ती गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदांच्या मार्गदर्शनाखाली. तिथल्या शंकुयंत्राच्या चौथऱ्यावर वेगवेगळ्या दिवसांच्या रेषा आखलेल्या आहेत. सावलीचं टोक त्या दिवशीच्या रेषेवरून सरकताना मी पाहत उभी होते, आणि सोबतचे लोक चहाला जाऊन परत आले तरी तिथून हलले नाही.

शून्य सावलीचे दिवस मात्र आपल्या वेळापत्रकाशी जुळत नाहीत. कोल्हापुरात ते 6-7 मेच्या सुमारास, मुंबईत 15 मे, नागपुरात 26 मे, म्हणजे ऐन सुट्टीत; आणि दुसऱ्या खेपेला जुलै-ऑगस्टमध्ये ढग आडवे येतात. त्यामुळं सुट्टीत गावी गेलेल्या मुलांनी आपापल्या अंगणात डब्याची सावली नाहीशी होताना मोबाइलवर टिपावी आणि जूनमध्ये ती छायाचित्रं वर्गातल्या नकाशावर तारखांसह लावावीत. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकल्याचा पुरावा भिंतीवर तयार होतो.

शिक्षकांची अडचण मला माहीत आहे: तासिका पस्तीस मिनिटांची, अभ्यासक्रम मोठा. पण भूगोल, गणित आणि विज्ञान या तिन्ही विषयांचे तास एका दिवशी जोडून दिले तर या प्रयोगाला पुरेसा वेळ मिळतो आणि तिघांचेही धडे पुढे सरकतात. मुख्याध्यापकांनी एवढं करावं. दिवाळीची सुट्टी संपली की 22 डिसेंबर दूर नाही. त्या दिवशी पुण्यात मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली जवळजवळ 90 सेंटिमीटर असेल. आपल्या गावात ती किती भरते, ते मुलांना मोजू द्या, दुसऱ्या गावातल्या शाळेला कळवू द्या, आणि मार्चमध्ये त्याच शाळेसोबत पृथ्वी मोजायला बसा.