अंगणातला निशिगंध जुनाच आहे का? असा ओळखा, असा जपा

दाना ओली (ग्वाल्हेर) : इथल्या बाजारात रजनीगंधा, आपल्याकडे निशिगंध किंवा गुलछडी, फूल एकच, मूळचं मेक्सिकोचं. जुन्या घराच्या अंगणात असेल तर जात फुलतानाच ओळखा. नुसत्या कंदावरून कळत नाही.

सहा पाकळ्यांचा एकच फेर, दाट वास : सिंगल, हारा-वेणीचा. पाकळ्यांचे थर : डबल, फुलदाणीचा. सिंगलच्या कळीला गुलाबी झाक असेल, तर ती बंगळुरूच्या संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ असू शकते.

जुन्या झाडाशी खूणकाठी रोवा. हिवाळ्यात पानं वाळली की कंद काढा, मार्च-एप्रिलमध्ये उन्हात लावा. पाणी साचू देऊ नका. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, पिल्लं फुलतात. म्हणून घर पाडण्याआधी चार पिल्लं शेजारी, देवळाच्या बागेत द्या. वाडा गेला तरी वास राहील.