पॉवर बँक पोटात नको, हाताशी हवी

मागे आम्ही बचत गटातल्या सात जणी प्रदर्शनासाठी पुण्याहून दिल्लीला विमानाने गेलो. बहुतेकींचा पहिलाच विमानप्रवास. मोठ्या बॅगा काउंटरवर दिल्या आणि आता सुटलो म्हणून टेकलो, तोच आमच्यातल्या एका ताईंचं नाव पुकारलं. चटण्यांच्या पाकिटांखाली ठेवलेली पॉवर बँक एक्स-रेमध्ये दिसली होती. ताईंना बोलावून बॅग उघडायला लावली, उचकाउचकी झाली, आम्ही बाकीच्या घड्याळाकडे बघत उभ्या. विमान मिळालं म्हणून बरं. "एवढीशी डबी, तिचं काय एवढं?" हे मात्र ताई दिल्लीपर्यंत विचारत होत्या.

तर त्या डबीत लिथियमची बॅटरी असते. ती दबली, बिघडली किंवा तिची टोकं किल्लीला, नाण्याला लागून शॉर्ट झाली की आतल्या आत तापायला लागते. एका हद्दीनंतर ही उष्णता स्वतःच वाढत जाते, धूर येतो, जाळ होतो. विझली असं वाटलं तरी पुन्हा पेटू शकते. काउंटरवर दिलेली बॅग जाते विमानाच्या पोटात. तिथे उडत्या विमानात कुणी माणूस पोचत नाही, आणि तिथली आग विझवायची यंत्रणा अशा बॅटरीपुढे पुरी पडेलच असं नाही. वर आपल्याजवळ असली तर धूर दिसतो, हाक मारता येते. म्हणून पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. हा नियम जगभर आहे.

पण हातातली बॅगही आपण डोक्यावरच्या कप्प्यात ठेवतो ना? २८ जानेवारी २०२५ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उडण्याआधीच पेटलं. आग सुरू झाली ती वरच्या कप्प्यातून, आणि तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. आतले १७६ जण बाहेर पडले, विमान मात्र जळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. ती होती समोरच्या सीटच्या खिशात. लगेच दिसली, कर्मचाऱ्यांनी विझवली, कुणाला काही झालं नाही. आता आपल्याकडे डीजीसीएनेही सांगितलंय, की ती वरच्या कप्प्यात ठेवू नका आणि विमानात तिच्यावर फोन चार्ज करू नका.

आता आकाराचं. मर्यादा आहे १०० वॉट-अवरची, पण डबीवर मोठ्या अक्षरात असतात एमएएच. हिशेब सोपा आहे: एमएएचला ३.७ने गुणा आणि हजाराने भागा. १०,०००ची म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,०००ची ७४. दोन्ही चालतात. ३०,०००ची १११ होते, तिला कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते. १६०च्या वर परवानगीही मिळत नाही. डबीवरचे आकडे पुसले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात, मग वाद घालून उपयोग नाही.

काही कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत. दुबईला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवलीय. तेव्हा तिकीट काढलं की विचारून घ्या.

आणि एक, जे आम्हालाही माहीत नव्हतं. विमान लहान असेल किंवा वर जागा नसेल, तर दारातच आपली हातातली बॅग घेऊन खाली सामानात टाकतात. त्या घाईत पॉवर बँक आतच राहते. बॅग देण्याआधी ती काढून पर्समध्ये घ्या, किल्ल्या-नाण्यांपासून वेगळ्या पिशवीत. प्रवासात ती गरम लागली, वास आला, तर रुमालात गुंडाळून लपवू नका, लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारा.

फुगलेली पॉवर बँक मात्र नेऊच नका. ताईंची, नंतर नीट पाहिली तर, एका बाजूने फुगलेली होती. घरी ती रोज रात्री उशाशी चार्जिंगला असायची.